ब्यूएल: चेसिस शर्यतीची, इंजिन स्पोर्टस्टरचं

ब्यूएल म्हणजे हार्ले-डेव्हिडसनच्या स्पोर्टस्टर मोटरसायकलचं इंजिन घातलेली अमेरिकन स्पोर्ट बाइक. आयडलिंगला उभी असलेली ब्यूएल समोरून पाहिली तर पुढचं चाक जागच्या जागी नाचताना दिसतं. आरशात मागे गाडी आहे एवढंच कळतं, कोणती ते कळत नाही. नवख्याला वाटतं इंजिनाचं माउंटिंग गेलंय. गेलेलं नसतं, ती तशीच आहे. तीच गाडी तीन हजार आरपीएमच्या पुढे न्या, आरसे स्वच्छ होतात आणि थरथर जवळजवळ नाहीशी होते. तीन हजारांच्या पुढेही ती थांबली नाही, तर मात्र खिसा सांभाळा.

हार्लेच्या काळातल्या ब्यूएलचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं, त्यामुळे ती आज घ्यायची म्हणजे वापरलेलीच. म्हणून हा रिव्ह्यू शोरूममधल्या चकाकीचा नाही, पंधराहून जास्त वर्षं आणि काही हजार किलोमीटर अंगावर घेतलेल्या गाडीचा आहे. या गाडीतली जवळजवळ प्रत्येक हुशारी इंजिनाच्या कुठल्या तरी खोडीवरचं उत्तर आहे. खोड्या जाणार नाहीत, त्या धरूनच चालायचं. तपासायची असतात ती उत्तरं, कारण म्हातारी होतात ती उत्तरंच.

एरिक ब्यूएल हा हार्ले-डेव्हिडसनमधला इंजिनिअर आणि स्वतः रेसर. १९८३ मध्ये त्याने विस्कॉन्सिनमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. पहिली गाडी आरडब्ल्यू७५०, चौकोनात मांडलेल्या चार सिलिंडरची टू-स्ट्रोक, निव्वळ शर्यतीसाठी. ज्या वर्गासाठी ती केली, तो शर्यतीचा वर्गच बंद झाला. मग १९८७ मध्ये आरआर१००० आली. हार्लेकडे एक्सआर१००० ची इंजिनं पडून होती, त्यांच्याभोवती हलकी फ्रेम आणि संपूर्ण झाकलेलं फेअरिंग. अशा ५० गाड्या झाल्या, इंजिनं संपली आणि पुढच्या आरआर१२०० मध्ये इव्होल्यूशन स्पोर्टस्टरचं १२०३ सीसी इंजिन बसलं. १९९३ मध्ये हार्लेने कंपनीतला ४९ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, डीलर आले, आणि सासरचं इंजिनही कायमचं घरात आलं.

ते इंजिन नेमकं काय आहे हे समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. ४५ अंशांचं एअर-कूल्ड व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात मांडलेले दोन सिलिंडर. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. एकाला काट्यासारखे दोन फाटे आणि दुसरा त्या फाट्यांच्या मधे. त्यामुळे दोन्ही पिस्टन थोड्याशा फरकाने जवळजवळ सोबतच वर-खाली होतात, आणि थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. थरथर इथून येते. उंची जास्त, वजन जास्त, आणि सात हजारांच्या आसपास श्वास संपतो. स्पोर्ट बाइकसाठी मुद्दाम शोधायला गेलात तर असं इंजिन कोणी निवडणार नाही.

पण त्याच इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. म्हणजे टॅपेट सेटिंग हा प्रकारच नाही, गाडी विकेपर्यंत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःची कॅम, म्हणून चार कॅमा उजव्या बाजूच्या कव्हरमागे रांगेत, पुशरॉड सरळ आणि आखूड. गिअरबॉक्स इंजिनाच्याच केसिंगमध्ये. अडीच हजारांपासून ओढ मिळते. घाटात तिसरा गिअर टाकून विसरून जाता येतं, हे वाक्य प्रत्येक ट्विनबद्दल लिहिलं जातं, पण इथे ते खरंच लागू आहे.

थरथरीवर ब्यूएलने काढलेला तोडगा म्हणजे ‘युनिप्लॅनर’ माउंटिंग. इंजिन फ्रेममध्ये रबराच्या आयसोलेटरवर टांगलेलं असतं. नुसतं रबर ठेवलं तर इंजिन सगळीकडे हलेल, आणि स्विंगआर्म तर इंजिनाच्याच मागच्या बाजूला जोडलेला, म्हणजे मागचं चाकही वळणात डगमगेल. म्हणून दोन्ही टोकांना बॉल-जॉइंट असलेले छोटे दांडे, म्हणजे टाय-बार, इंजिन आणि फ्रेमच्या मधे आडवे बांधले. इंजिनाला वर-खाली आणि पुढे-मागे हलायची मुभा, आडवं सरकायला बंदी. कल्पना साधी आणि सुंदर आहे. टाय-बारचा जॉइंट घासला की गाडी लांब, वेगाच्या वळणात मागून हळूच सरकल्यासारखी वाटते. लोक टायर बदलतात, सस्पेन्शन घट्ट करतात, आणि दोष सापडत नाही. इंजिन बंद करून एकाने टाय-बारला बोट लावून ठेवायचं आणि दुसऱ्याने मागचं चाक बाजूला ढकलायचं. बोटाला टिक जाणवली तर जॉइंट गेला.

नव्वदीतल्या आणि २००२ पर्यंतच्या गाड्यांना, नळ्यांच्या फ्रेममुळे, ट्यूब-फ्रेम म्हणतात: एस२ थंडरबोल्ट, एस१ लाइटनिंग, एम२ सायक्लोन, एस३ आणि शेवटची एक्स१. एस१ ही त्यातली सर्वात उघडीवाघडी. सीट म्हणजे फळी, बाजूला एअरबॉक्सचा डबा, आणि मध्ये इंजिन. दिसायला हिच्यासारखी दुसरी अमेरिकन गाडी नाही. तासाभरापेक्षा जास्त बसायचं असेल तर एम२ घ्या. १९९८ च्या एस१ व्हाइट लाइटनिंगपासून थंडरस्टॉर्म हेड आली, मोठे पोर्ट आणि जास्त कॉम्प्रेशनची, आणि कंपनीने १०१ हॉर्सपॉवरचा दावा केला. एक्स१ ला १९९९ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. स्वतः पाना हातात घेणाऱ्याला आजही कार्बवाली एम२ जास्त सोपी.

ट्यूब-फ्रेममध्ये पहिलं पाहायचं ते पुढचं आयसोलेटर. सगळ्या इंजिनाचा पुढचा भार एकाच रबराच्या चकतीवर आहे. रबर बसलं की इंजिन पुढून खाली येतं, खालचा सायलेन्सर आणि त्याचे पट्टे ताणले जातात, पट्टा तुटतो. पट्टा तुटला की सायलेन्सरचं वजन एक्झॉस्ट पाइपवर येतं, आणि मग हेडमधले स्टड तुटतात. तुटका स्टड हेडमधून काढणं म्हणजे अर्धा दिवस ड्रिल आणि शिव्या. म्हणजे मूळ दोष एका रबराचा आणि बिल हेडच्या कामाचं. सायलेन्सरचा पट्टा नवा कोरा दिसला तर खूश होऊ नका, तो का बदलला ते विचारा.

मागचा शॉकॲब्सॉर्बर इंजिनाखाली आडवा आहे आणि उलटा चालतो: चाक वर गेलं की दाबला जात नाही, ताणला जातो. त्या काळात याच शॉकसाठी रिकॉल निघाले होते. रिकॉलचं काम झाल्याचा कागद मागा. तो नसेल तर शॉकची टोकं आणि आटे उजेडात नीट पाहा.

दुसरी भीती ऑइल पंपाच्या गिअरची. शेवटच्या काही वर्षांच्या ट्यूब-फ्रेममध्ये पंप फिरवणाऱ्या गिअरचे दात घासून जातात. दात गेले की पंप थांबतो आणि इंजिनाला तेल मिळत नाही. वरून टकटक ऐकू येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. तेल बदलताना फिल्टर कापून पाहा, पिवळसर चमक दिसली तर कॅम कव्हर उघडा. बदलायचा झाला तर चालवणारा आणि चालणारा, दोन्ही गिअर सोबत बदला. जुन्या दातांवर नवा गिअर बसवला तर नवाही तसाच घासतो.

आता ट्यूब-फ्रेमनंतरची एक्सबी मालिका. ब्यूएल म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर हीच दाखवावी. एक्सबी९आर फायरबोल्ट २००२ मध्ये बाजारात आली. व्हीलबेस १,३२० मिमी, रेक (स्टिअरिंगचा कल) २१ अंश, ट्रेल (स्टिअरिंगच्या रेषेच्या जितकं मागे चाक टेकतं ते अंतर) ८३ मिमी, कोरडं वजन १७५ किलो. लिटरच्या इंजिनाभोवती २५० सीसी रेसरच्या जवळ जाणारे आकडे आहेत हे. ते जमवण्यासाठी सामान जिथे बसेल तिथे कोंबलंय. पेट्रोल ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या पोकळीत, १४ लिटर. तेल स्विंगआर्मच्या पोकळीत. सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली. टाकीसारखं दिसतं ते एअरबॉक्सचं झाकण. सगळं वजन मधे गोळा झाल्यामुळे वळणातून वळणात गाडी कमरेने फिरवता येते, हँडलला जोर लावावा लागत नाही. एकच तक्रार: वळणात पुढचा ब्रेक लावला की गाडी उभी राहायला बघते. टायर बदलून ते कमी होतं, पूर्ण जात नाही.

पुढच्या ब्रेकची तबकडी ३७५ मिमीची आणि ती हबला नाही, थेट रिमला जोडलेली. नाव ‘झेडटीएल’. ब्रेकचा जोर स्पोकमधून जातच नाही, म्हणून स्पोक बारीक आणि चाक हलकं करता आलं. सहा पिस्टनचा एकच कॅलिपर पुरतो. टायरवाल्याला आधीच बजावून ठेवा: चाक तबकडीच्या बाजूने यंत्रावर ठेवायचं नाही. एकदा वाकली की लिव्हरमध्ये ठकठक जाणवते.

स्विंगआर्ममधल्या तेलामुळे होणारा गोंधळ तर इतका नेहमीचा आहे की जाहिरातीतल्या निम्म्या गाड्यांना त्याचा डाग असतो. रात्रभर उभ्या गाडीत तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. सकाळी डिपस्टिक काढली की तेल कमी दिसतं. मालक अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाली की पंप ते सगळं परत स्विंगआर्ममध्ये आणतो, पातळी जास्त होते, आणि जादा तेल हेडच्या ब्रीदरमधून एअरबॉक्समध्ये येतं. एअर फिल्टर चिकट आणि बेस प्लेटवर तेलाचं तळं दिसलं, की मालक म्हणतो पिस्टनच्या रिंग गेल्या असतील, म्हणून स्वस्तात देतोय. बऱ्याचदा रिंगना काही झालेलं नसतं. तेल नेहमी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पाहायचं. २०डब्ल्यू-५० तेल, फिल्टरसह साधारण २.४ लिटर. गिअरबॉक्स आणि प्रायमरीचं तेल वेगळं, साधारण एक लिटर.

प्रायमरी चेनचा, म्हणजे क्रँकपासून क्लचपर्यंतच्या चेनचा, ताण स्वतः ठेवावा लागतो. तपासणीचं झाकण काढा, मागचं चाक उचलून फिरवा आणि चेन सर्वात घट्ट होते ती जागा शोधा. त्याच जागी, थंड इंजिनावर, वर-खाली मिळून ९.५ ते १२.७ मिमी खेळ हवा. चेन सगळीकडे सारखी घासत नाही, त्यामुळे सैल जागी मोजून घट्ट केली तर घट्ट जागी ती बेअरिंगवर ओढ आणते. ढिली राहिली तर न्यूट्रल सापडत नाही आणि गिअर टाकताना ठाण्ण आवाज येतो. त्याच वेळी क्लचही लावून घ्या: केबल पूर्ण सैल करा, मधला स्क्रू उलट्या दिशेने हलकेच टेकेपर्यंत फिरवा, मग पाव फेरी परत. उरलेला खेळ केबलवर.

एक्सबीची इंजिनं दोन. एक्सबी९ मध्ये ९८४ सीसी, बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक ७९.४ मिमी. २००४ च्या एक्सबी१२ मध्ये बोअर तोच, स्ट्रोक ९६.८ मिमी, म्हणून १२०३ सीसी. दावा १०३ हॉर्सपॉवरचा, ९८४ चा ९२ चा. कागदावर १२ मोठी. पण ७,५०० आरपीएमला ९ च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २० मीटर येतो, आणि ६,८०० ला १२ चा जवळजवळ २२. म्हणजे ९ सातशे आरपीएम जास्त फिरूनही इंजिनावर कमी ताण घेते. ती वर चढते मोकळेपणाने, आयडलिंगला हलते कमी, आणि छोट्या वळणांच्या रस्त्यावर १२ पेक्षा मागे राहत नाही. मागे कोणी बसणार असेल, सामान असेल, तर १२. एकट्यासाठी ९, आणि त्यातही उघडी एक्सबी९एस. बाजारात लोक १२ च्या मागे धावतात, ते ९ घेणाऱ्याच्या पथ्यावर पडतं.

१२ ला एक जादा भानगड आहे: सायलेन्सरमधला व्हॉल्व्ह, जो केबलने मोटर उघडते-मिटते. केबल ताणली किंवा अडकली की इंजिनाचा दिवा लागतो. किल्ली फिरवल्यावर मोटरची हालचाल दिसली पाहिजे.

इंजेक्शनबद्दल एक गोष्ट समजून घ्या, निम्मा खर्च वाचेल. ऑक्सिजन सेन्सर एकच, मागच्या सिलिंडरच्या पाइपवर. त्याचं वाचून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलच्या दुरुस्तीचा जो आकडा शिकतो तो एएफव्ही, मूळ किंमत १००. हा आकडा दोन्ही सिलिंडरला लागू होतो. इनटेक मॅनिफोल्डची रबरी सील कडक होऊन फटीतून हवा आत गेली की सेन्सरला मिश्रण पातळ दिसतं, ईसीएम पेट्रोल वाढवतो, आकडा ११० च्या पुढे जातो. ज्या सिलिंडरला फट नाही त्यालाही जादा पेट्रोल, प्लग काळा. आयडलिंग वर-खाली होतं, गाडी सोडताना फटफट आवाज येतो, आणि मालक ईसीएमचं ट्यूनिंग करून घेतो. आधी सील बदला. मग थ्रॉटल सेन्सर शून्यावर आणा: आयडल स्क्रू इतका मागे घ्या की प्लेट पूर्ण मिटेल, सॉफ्टवेअरमधून रिसेट द्या, आणि स्क्रू पुन्हा आत घेऊन गरम इंजिनाला साधारण १,१०० आरपीएम लावा. प्लेट पूर्ण न मिटता केलेला रिसेट न केल्यापेक्षा वाईट.

रॉकर बॉक्सचं, म्हणजे हेडच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गळतं, ट्यूब-फ्रेममध्येही आणि एक्सबीतही. एक्सबीत वर फ्रेम इतकी जवळ आहे की हेडपर्यंत हात जात नाही. त्यासाठी इंजिन उतरवायचं नसतं, ‘फिरवायचं’ असतं. गाडी मागून पक्की टेकवा, सायलेन्सर काढा, इंजिनाखाली जॅक लावा, पुढचं आयसोलेटर आणि टाय-बार सोडा, वायर-नळ्या मोकळ्या करा, आणि जॅक हळूहळू खाली घ्या. इंजिन मागच्या माउंटिंगवर फिरून पुढून खाली येतं आणि दोन्ही रॉकर बॉक्स समोर येतात. इतकं उघडलंच आहे तर इनटेक सील, प्लग आणि पुढचं आयसोलेटर त्याच वेळी करून टाका. हे काम दुसऱ्यांदा करायची हौस कोणाला येत नाही.

एक्सबीत मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टला ताण द्यायची सोयच नाही. मधली पुली ताण कायम ठेवते. वंगण नाही, डाग नाहीत. पण तो कायमचा ताण मागच्या चाकाच्या बेअरिंगवर पडतो, आणि एक्सबीची तीच दुखरी जागा. प्रत्येक टायर बदलताना आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवा; खरखर आली तर बेअरिंग तिथेच बदला. बेल्ट हाताळताना पिळू किंवा घडी घालू नका, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. मागच्या सिलिंडरला थंड करणारा पंखा गाडी बंद केल्यावरही फिरत राहतो, तो बिघाड नाही. फिरला नाही तर बिघाड.

२००६ ची युलिसिस एक्सबी१२एक्स ही याच इंजिनाची उंच, लांब पल्ल्याची गाडी, पेट्रोल १६.७ लिटर. ब्यूएलमध्ये रोज वापरण्याजोगी कुठली, तर हीच. उजव्या मांडीला मागच्या सिलिंडरची धग लागते. पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांत हँडल पूर्ण वळवलं की मानेजवळची किल्लीची वायर ताणली जाऊन तुटायची. हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहा, इंजिन बंद पडलं तर समजा.

ब्लास्ट थोडक्यात. २००० ते २००९, ४९२ सीसी, एक सिलिंडर, ३४ हॉर्सपॉवर, सुरुवातीची किंमत ४,३९५ डॉलर. स्पोर्टस्टर इंजिनाचा मागचा सिलिंडर कापून टाकला की उरतं ते हे. शिकायला चांगली, आणि थंडीत कुरकुर करत असेल तर आधी ऑटो-चोक पाहा. शेवटी कंपनीनेच एक ब्लास्ट दाबून धातूचा ठोकळा केला आणि त्याची जाहिरात केली. घेतलेल्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे.

मग २००७ मध्ये, वीस वर्षांनी, एरिक ब्यूएलला हवं तसं इंजिन मिळालं. ११२५आर मधलं हेलिकॉन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने बनवलं: ७२ अंश, लिक्विड-कूल्ड, डबल ओव्हरहेड कॅम, बोअर १०३ मिमी, स्ट्रोक ६७.५ मिमी, १४६ हॉर्सपॉवर, सहा गिअर, बॅलन्सर शाफ्ट. आता रबर नको, टाय-बार नकोत. रेडिएटर दोन बाजूंना पिशव्यांसारखे लटकतात, आणि रूप त्यामुळेच फसलंय. चालवायला मात्र ही पूर्ण वेगळ्या पिढीची गाडी आहे. २००९ मध्ये डॅनी एस्लिकने हिच्यावर अमेरिकेतल्या एएमए या संघटनेची डेटोना स्पोर्टबाइक मालिका जिंकली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला हार्लेने ब्यूएल बंद करत असल्याचं जाहीर केलं.

११२५ ची मोठी खोड स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी कॉइल. वाइंडिंग तापून जळतं, जोडणारा प्लगही करपतो. रोटरला भोकं पाडून वाइंडिंगवर तेल उडेल असा बदल करतात, तो झालेला असेल तर गाडीची किंमत जास्त द्यायला हरकत नाही. झाला नसेल तर बॅटरीवर मल्टिमीटर लावा. गरम इंजिनाला तीन हजारांवर १३.५ व्होल्टच्या खाली दिसलं तर स्टेटरचा खर्च भावातून वजा करा. इथे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, शिम आहेत, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणाऱ्या पातळ चकत्या. क्लिअरन्स मोजल्याची नोंद नसेल तर तोही खर्च धरा.

पुढे ब्यूएलच्या नव्या कंपनीने, एरिक ब्यूएल रेसिंगने, हेच इंजिन १०६ मिमी बोअरचं करून ११९१ सीसीची ११९०आरएक्स काढली, १८५ हॉर्सपॉवरची. आपल्या हिरो मोटोकॉर्पने २०१३ मध्ये त्यात ४९.२ टक्के हिस्सा घेतला होता. एप्रिल २०१५ मध्ये ती कंपनीही थांबली. गाडी अफाट आहे, पण फेअरिंगचा एक तुकडा फुटला तरी शोधाशोध. एक्सबीचं तसं नाही, झिजणारा बहुतेक माल अजून मिळतो. फक्त स्पोर्टस्टरचा पार्ट सरसकट बसेल असं धरून मागवू नका.

पाहायला जाताना सोबत टॉर्च आणि मल्टिमीटर ठेवा. पडलेल्या एक्सबीची फ्रेम आधी पाहा, कारण तीच टाकी आहे. खोल चर किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फिरा. मालकाला आधी कळवा की इंजिन थंड हवं. तरी गाडी गरम करून ठेवली असेल तर सिलिंडरला हात लावता येईपर्यंत थांबा, आणि मगच किल्ली मागा.